कोकणातलं देऊळ समजून घेताना: कौलं, गाभारा, कासव, दीपमाळ आणि सारखे विचारले जाणारे प्रश्न

गणपतीला नाहीतर शिमग्याला चाकरमानी गावात आले की मला हमखास मेसेज येतात, ताई देवळात हे असं का आहे, ते तसं का आहे. माझे आजोबा सुतार, रत्नागिरी जिल्ह्यातल्या बऱ्याच देवळांची आढी-वासे त्यांच्या हातचे, आणि लहानपणी त्यांच्या मागे फिरता फिरता मला देवळं बघायचा नाद लागला तो अजून सुटला नाही. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. एक गोष्ट आधीच सांगते, कोकणातलं देऊळ म्हणजे घाटावरच्या कोरीव देवळाची गरीब नक्कल नाही, ते इथल्या पावसानं, इथल्या दगडानं आणि इथल्या गावानं घडवलंय, हे लक्षात ठेवून वाचलं तर पुढचं सगळं सोपं जाईल.

देऊळ आणि मंदिर यात फरक आहे का?

अर्थात काही फरक नाही. देऊळ हा शब्द देवकुल वरून आला, म्हणजे देवाचं घर. गावात कोणी "मंदिरात जाऊन येतो" म्हणत नाही, देवळातच जातात, म्हणून मीही देऊळच लिहिते.

बाहेरून आत जाताना देवळाचे कुठले कुठले भाग लागतात?

आपल्याकडे साधारण असं असतं. आधी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून नाहीतर चढून आवारात यायचं, मग दीपमाळ, तुळशीवृंदावन, त्यानंतर सभामंडप, तो बहुतेक तिन्ही बाजूंनी उघडा नाहीतर अर्ध्या भिंतीचा, मग एक छोटी मधली जागा तिला अंतराळ म्हणतात, आणि शेवटी गाभारा. गाभाऱ्याभोवती फिरायला वाट असते ती प्रदक्षिणेची.

शास्त्रात देवळाला माणसाच्या शरीरासारखं मानलंय आणि ते भागांच्या नावातच दिसतं, भिंतीच्या मधल्या भागाला जंघा म्हणतात, शिखराच्या वरच्या निमुळत्या भागाला ग्रीवा म्हणजे मान. जमिनीवर आराखडा आखताना चौकोनाचे ६४ किंवा ८१ घर पाडून वास्तुपुरुषमंडल मांडतात आणि मधल्या घरांवर ब्रह्मस्थान येतं, गाभारा तिथे. अर्थात गावच्या प्रत्येक देवळाचा आराखडा असा चौकटी आखून केला असेल असं समजू नका, बरीचशी देवळं आधी नुसत्या दगडाभोवती चार खांब आणि वर गवताचं छप्पर अशी सुरू झाली आणि पिढ्यानपिढ्या वाढत गेली.

आमच्या देवळाला उंच कोरीव शिखर का नाही? घाटावरच्या देवळांना असतं की.

पाऊस. हे एका शब्दातलं उत्तर, पण जरा थांबून बघा कारण यातच कोकणी देवळाचं सगळं रूप आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांत, वरून सरळ नाही तर समुद्राकडून तिरका, झड मारत. अशा ठिकाणी सपाट छप्पर टिकत नाही आणि कोरीव शिखराच्या प्रत्येक खाचेत पाणी, मग शेवाळ, मग पिंपळाचं रोप. म्हणून उतरतं छप्पर, खाली खूप पुढे आलेली वळचण, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. सभामंडपाच्या पश्चिमेला पूर्वी पावसाळ्यात नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधायचे, काही ठिकाणी अजून बांधतात.

छप्पर आधी गवताचं, मग कुंभारानं केलेल्या नळ्याच्या कौलांचं. आपण ज्यांना मंगलोरी कौलं म्हणतो ती बरीच नंतरची, १८६० च्या दशकात मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी कारखाना काढला त्यानंतर ती किनाऱ्यानं गलबतांतून वर वर येत गेली. म्हणजे "आमच्या देवळाची मूळची कौलं" म्हणून जी दाखवतात ती देवळाच्या मानानं नवीनच असतात बरं का.

मग शिखर अजिबातच नसतं का? असतं. खूप देवळांत सभामंडप कौलारू आणि फक्त गाभाऱ्यावर चुन्या-चिऱ्याचं शिखर नाहीतर घुमट कौलांतून वर डोकावतो. घुमटाचं पुढे वेगळं लिहिलंय.

चिरा म्हणजे नक्की कुठला दगड आणि त्यावर नक्षीकाम का नसतं?

चिरा म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा ओला आणि मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तासता येतो, आणि हवा लागली की त्यातलं लोह पक्कं होत जातं आणि दगड कडक होतो. फ्रान्सिस बुकानननं १८०७ साली केरळातल्या अशाच दगडाला लॅटेराइट नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून, कारण लोक त्याचा वापर विटेसारखाच करत होते.

पण तो सच्छिद्र असतो, हात फिरवून बघा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं लागतात. त्यात नाकडोळे कोरता येत नाहीत, कडा तुटतात. म्हणून आपल्याकडे भिंत जांभ्याची, मूर्ती काळ्या पाषाणाची आणि नक्षी लाकडावर, अशी कामाची वाटणी झाली. तुमच्या देवळात नक्षी बघायची असेल तर भिंती बघू नका, मान वर करा. खांबाच्या डोक्यावरचे हस्त, तुळया, त्यांच्यावरची कमळं, पोपट, वेली. आजोबा सांगायचे की खांब आणि तुळईच्या जोडात खिळा मारायचाच नाही, खाचेत कुसू, म्हणजे लाकडाचंच पुढे काढलेलं टोक, बसवायचं आणि पाचर ठोकायची, कारण खाऱ्या हवेत खिळा गंजतो आणि गंजलेला खिळा आजूबाजूचं लाकूड खातो. एका जुन्या देवळाचा खांब उतरवला तेव्हा मी ते कुसू हातात घेऊन पाहिलं, बाहेरून खांब काळाठिक्कर झालेला आणि आत कुसू अजून पिवळट, करवतीचे ओरखडे जसेच्या तसे.

गाभारा एवढा लहान आणि अंधारा का ठेवतात?

गाभारा हा शब्द गर्भागार वरून आलाय. गर्भासारखी जागा, जिथून सगळं सुरू होतं, म्हणून खिडकी नाही, दार एकच, उजेड फक्त समईचा. सभामंडपात भरपूर उजेड, अंतराळात कमी, आत काळोख, असं चालत जाताना आपोआपच आवाज खाली येतो, डोळे स्थिरावतात, आणि मग हळूहळू देवाचा चेहरा दिसायला लागतो. मला तरी वाटतं की देवळातली सगळ्यात मोठी कारागिरी ही उजेडाची आहे. म्हणून गाभाऱ्यात पांढरी ट्यूबलाइट लावलेली बघितली की फार वाईट वाटतं, त्या उजेडात देव दिसतो पण दर्शन होत नाही.

अंबरनाथच्या शिवमंदिरात तर गाभारा सभामंडपाच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. एकाच दाराच्या नियमाच्या उलट घारापुरीत दिसतं, तिथल्या मुख्य लेण्यात शिवलिंगाच्या गाभाऱ्याला चारही बाजूंनी दारं आहेत आणि प्रत्येक दाराला उंच द्वारपाल.

उंबरठ्यावर जबडा वासलेला राक्षसासारखा चेहरा असतो तो कोणाचा?

ते कीर्तिमुख. गोष्ट अशी की जालंधर नावाच्या दैत्यानं राहूला शंकराकडे पाठवलं, पार्वतीची मागणी करायला, शंकराला राग आला आणि तिसऱ्या डोळ्यातून एक भुकेला प्राणी निघाला. राहू शरण आला म्हणून शंकरानं त्याला सोडलं, मग हा प्राणी म्हणाला मी खाऊ काय, शंकर म्हणाला स्वतःलाच खा. त्यानं पायापासून सुरुवात केली आणि फक्त तोंड उरलं. शंकर खूश झाला, त्याला कीर्तिमुख नाव दिलं आणि सांगितलं की तू माझ्या दारात राहशील, तुला वंदन केल्याशिवाय आत येणाऱ्याला माझी कृपा नाही. स्वतःला खाणं म्हणजे मीपणा खाणं असा त्याचा अर्थ लावतात.

उंबरठ्याच्या मधे अर्धगोल दगड आणि दोन बाजूंना ही मुखं, अशी जुनी रचना. उंबरठ्यावर पाय देऊ नका म्हणतात ते यासाठी, ओलांडून जायचं. आणि वर चौकटीच्या मधोमध गणपती असतो ती गणेशपट्टी, देऊळ कुठल्याही देवाचं असलं तरी बहुतेक वेळा ती असते, त्यावरून देव ओळखू नका.

शंकराच्या देवळात कासव का? ते तर विष्णूचं ना?

कूर्मावतार विष्णूचा हे बरोबर, पण सभामंडपातल्या जमिनीवरचं कासव बहुतेक लोक गीतेच्या अर्थानं घेतात. दुसऱ्या अध्यायातला ५८ वा श्लोक आहे, कासव जसं आपले अवयव आत ओढून घेतं तशी ज्याची इंद्रियं विषयांपासून आवरली गेली त्याची बुद्धी स्थिर. म्हणजे गाभाऱ्याकडे जाण्याआधी ही आठवण. त्यामुळे ते शंकराच्या, देवीच्या, कुणाच्याही देवळात चालतं. त्यावर डोकं टेकून पुढे जातात.

नंदीच्या शिंगांमधूनच दर्शन का घ्यायचं?

नंदी देवाकडे सतत बघत बसलेला भक्त, त्याच्या मागून, त्याच्या नजरेच्या रेषेत बघायचं. तसं न केल्यास पाप वगैरे लागत नाही. खाली वाकावं लागतं हेच त्यातलं महत्त्वाचं असं मला वाटतं.

शंकराला अर्धीच प्रदक्षिणा का? आमच्या गावात पूर्ण घालतात, चुकतंय का?

शाळुंकेवरून, म्हणजे शिवलिंगाच्या बैठकीवरून, अभिषेकाचं पाणी ज्या वाटेनं बाहेर पडतं ती वाट, म्हणजे सोमसूत्र, ओलांडायची नाही असा संकेत आहे. म्हणून डावीकडून निघून त्या गोमुखापर्यंत जायचं आणि तसंच मागे फिरून दुसऱ्या बाजूनं पुन्हा गोमुखापर्यंत यायचं. हे पाणी बहुतेक देवळांत उत्तरेकडे काढलेलं असतं, बाहेर भिंतीतून दगडी गोमुख आलेलं दिसेल.

आता अपवाद. ही वाट जमिनीखालून झाकून नेली असेल तर ती ओलांडली जात नाही असं मानतात आणि पूर्ण प्रदक्षिणा चालते. तेव्हा तुमच्या गावात पूर्ण घालत असतील तर आधी पाणी कुठून जातं ते बघा, बहुतेक उत्तर तिथेच सापडेल, आणि नाहीच सापडलं तर गुरवांना विचारा, ते सांगतील तो तिथला नियम.

प्रदक्षिणेची आपल्या किनाऱ्यावर अजून दोन वेगळी रूपं आहेत. गणपतीपुळ्याला डोंगरच देव मानलाय म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला, साधारण एक किलोमीटरची. आणि हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट समुद्राला लागून खडकांवरून जाते, ती फक्त ओहोटीला करायची. स्थानिक माणूस नको म्हणाला तर नको, तिथे लाटांनी माणसं ओढून नेलीयत.

देवाचं तोंड पूर्वेलाच हवं ना? मग गणपतीपुळ्याचा गणपती पश्चिमेला कसा?

पूर्वाभिमुख हे सर्वसाधारण, कारण उगवतीचा उजेड आत यावा. पण स्वयंभू स्थानाला हा नियम लावता येत नाही, देव जिकडे प्रकटला तिकडे त्याचं तोंड, माणसानं फिरवायचं नसतं. गणपतीपुळ्याचा गणपती समुद्राकडे, मावळतीकडे बघतो आणि त्याला पश्चिमद्वारदेवता म्हणतात. पूर्ण किनाऱ्याचा राखणदार कोणाकडे बघणार, समुद्राकडेच.

सूर्याचं देऊळ बघायचं असेल तर राजापूर तालुक्यात कशेळीचं कनकादित्य बघा. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा म्हणजे ११९१ चा ताम्रपट या गावाशी जोडलेला आहे. मूर्ती समुद्रातून गलबतानं आली आणि गलबत इथेच अडलं असं गावात सांगतात. रथसप्तमीला मोठा उत्सव असतो.

कळसाचा अर्थ काय? कौलारू देवळाला कळस चालतो का?

कळस म्हणजे भरलेला घट, समृद्धीचा. शिखराच्या टोकाला तो बसवला की देऊळ पूर्ण झालं, म्हणूनच आपण "कळस चढवला" असं कुठल्याही कामाला म्हणतो. कौलारू देवळाला आढ्यावर तांब्या-पितळेचे छोटे कळस बसवतात, कुठे एक, कुठे तीन, आणि ते पूर्णपणे चालतं. लांबून कळस दिसला तरी हात जोडायचे, ते शिखरदर्शन.

दीपमाळ रोज का पेटवत नाहीत?

तिचा दिवस त्रिपुरी पौर्णिमा, कार्तिकातली. शंकरानं त्रिपुरासुराला मारलं तो दिवस. उत्सव, जत्रा असेल तेव्हाही पेटवतात. आपल्याकडच्या दीपमाळा बहुतेक जांभ्याच्या, वर चुन्याचा गिलावा, आणि दिवे ठेवायला बाहेर काढलेले दगडी हात.

लहानपणी आमच्याकडे त्या दिवशी संध्याकाळपासून बायका वाती वळत बसायच्या. पोरं त्या दगडी हातांवर पाय देत वर चढायची, खालून पणत्या एकेक करून हातोहात वर जायच्या, सगळ्यात वरचा दिवा लावायचा मान ठरलेला. वारा समुद्राकडून यायचा आणि त्या बाजूच्या पणत्या सारख्या विझायच्या, मग ती पोरं वरच बसून पुन्हा पुन्हा लावायची, आणि खाली तेलाचे थेंब आमच्या डोक्यावर. हॅलोजन लावून रंगीत लाइटिंगची माळ गुंडाळलेली दीपमाळ दिसली की मला ते थेंब आठवतात. वर्षातून एक दिवस तरी तेलाचे दिवे लावा, एवढंच सांगेन.

आमच्या देवीच्या देवळात मूर्ती नाही, वारूळ आहे. असं का?

ही सातेरी. सिंधुदुर्गात आणि गोव्यात तिची खूप देवळं आहेत. वारूळ, रोयण म्हणतात त्याला, हीच देवी. माती आतून वर आली, जमिनीनं स्वतःच घेतलेला आकार, म्हणून भूमीचं रूप. काही ठिकाणी वारुळावर देवीचा मुखवटा बसवतात, साडी नेसवतात. इथे आधी वारूळ आणि मग देऊळ, देवळाच्या भिंतींनी वारुळाला जागा दिलेली. त्यावर सिमेंट फासून "पक्कं" करायचा विचार कुणी करत असेल तर कृपा करून थांबवा.

अनेक गावांत देवी म्हणजे न घडवलेला दगड असतो, तो तांदळा. तोही अर्धवट राहिलेली मूर्ती नाही, तसाच पुजायचा असतो.

एकाच आवारात एवढी छोटी छोटी देवळं कोणाची? आणि काही देव बाहेर उघड्यावर का?

शास्त्रातली पंचायतन पद्धत वेगळी, मधे मुख्य देव आणि चार कोपऱ्यांत चार. आपल्याकडे बहुतेक वेळा दिसते ती गावरहाटी, म्हणजे गावाच्या देवांची ठरलेली व्यवस्था. ग्रामदेवता, रवळनाथ किंवा सातेरी किंवा रामेश्वर, तिच्याबरोबर तिचा परिवार, मूळपुरुष, ब्राह्मणस्थळ, सीमेवरचे राखणदार, देवचार. गाऱ्हाणं घालताना "बारा पाचाच्या देवा म्हाराजा" म्हणतात आणि सगळे "होय म्हाराजा" म्हणतात, त्यात हे सगळे आले. राखणदाराला भिंत नको असते कारण तो फिरता. आरवलीच्या वेतोबाला तर मोठ्या चामडी चपला वाहतात, रात्री गावात फेरी मारून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे.

आणि देवळामागची राई, रत्नागिरीकडे देवरहाटी म्हणतात ती, तीही देवळाचाच भाग आहे. तिथली फांदीही तोडायची नाही हा नियम भिंतीइतकाच जुना. त्या झाडांमुळेच देवळाजवळची विहीर मे महिन्यात आटत नाही.

देवळापासून लांब गावात एक रिकामा चौथरा आहे, त्यालाही देवाची जागा म्हणतात. तो काय?

सहाण. शिमग्यात पालखी देवळातून निघून सहाणेवर येऊन बसते आणि मग घरोघर जाते. म्हणजे देव वर्षभर देवळात आणि शिमग्यात लोकांमध्ये. सिंधुदुर्गात दसऱ्याला तरंग निघतात, उंच काठ्यांना साड्या गुंडाळलेले, तेही देवाचं चालतं रूप. म्हणून सभामंडप मोठा आणि मोकळा हवा असतो, तिथे पालखी नाचते, जत्रेला दशावतार उभा राहतो. मधे ग्रॅनाइटचे कठडे घालून तो अडवू नका.

कौल लावणं आणि देवळाची कौलं यांचा काही संबंध आहे का?

नाही, शब्द सारखे एवढंच. छपरावरचं ते कौल आणि देव देतो तो कौल. कौल लावताना मूर्तीवर भिजवलेल्या कळ्या, पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवतात, उजवी पडली की डावी यावरून देवाची परवानगी समजते. आचऱ्याला रामेश्वराच्या कौलानं काही वर्षांनी गावपळण होते, अख्खं गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहतं. देवळाच्या कुठल्याही कामाआधी आपल्याकडे कौल घेतात, जीर्णोद्धाराआधीसुद्धा.

आमचं देऊळ हेमाडपंती आहे म्हणतात, आणि पांडवांनी एका रात्रीत बांधलं असंही. खरं काय?

हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. चुना न वापरता दगडावर दगड खाचांत बसवून बांधायची पद्धत त्याच्या नावानं ओळखली जाते, पण ती त्याच्या आधीपासून होती. अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके ९८२ म्हणजे १०६० सालचा, शिलाहारांच्या काळातला, हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचा. अंबरनाथची शैली भूमिज, शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या रांगा, सिन्नरचं गोंदेश्वर त्याच कुळातलं. तेव्हा जुनं दगडी दिसलं की हेमाडपंती म्हणायची सवय सोडायला हवी. जांभ्या-लाकडाचं कौलारू देऊळ तर त्या अर्थानं हेमाडपंती नाहीच.

पांडवांची गोष्ट संगमेश्वरच्या कर्णेश्वरालाही सांगतात. ती इतिहास म्हणून घेऊ नका पण टाकूनही देऊ नका. कोणी बांधलं ते विसरलं गेलं तरी "आपल्याच्यानं झालं नसतं" हे कौतुक त्या गोष्टीत राहिलंय.

शिखराऐवजी मशिदीसारखा घुमट का दिसतो?

बहामनी आणि आदिलशाही काळात इथल्या गवंड्यांना चुन्या-विटांचा घुमट बांधायचं तंत्र हातात बसलं, आणि मराठ्यांच्या काळात देवळं पुन्हा उभी राहिली तेव्हा काम करणारे हात तेच होते. शिवाय गुळगुळीत घुमटावरून पावसाचं पाणी झरकन ओघळून जातं. चिपळूणजवळचं परशुराम, केळशीची महालक्ष्मी, आणि खाली गोव्यात मंगेशी, शांतादुर्गा, सगळीकडे हे दिसतं. यात लाजण्यासारखं काही नाही, ती आपलीच शैली आहे.

देवळाजवळ तळं असायलाच हवं का?

पाणी हवं, तळंच असं नाही. नदी, झरा, विहीर चालते. वालावलच्या लक्ष्मीनारायणाशेजारचं तळं बघाच. चौलच्या रामेश्वराला पुष्करणी आहे, आणि तिथे सभामंडपाच्या जमिनीत अग्निकुंड, वायुकुंड, पर्जन्यकुंड अशी तीन झाकलेली कुंडं आहेत, पाऊस ओढला की पर्जन्यकुंड उघडायची रीत होती.

गुहेतल्या देवाला देऊळ म्हणायचं का?

हो. मार्लेश्वरला सह्याद्रीचा कडाच गाभारा आहे, संक्रांतीला साखरप्याच्या गिरिजादेवीशी त्याचं लग्न लागतं. घारापुरीचं लेणं साधारण सहाव्या शतकातलं, दापोलीजवळ पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत, आधी बौद्ध, मग शैव, गाणपत्य आणि नाथपंथी. तिथे देऊळ बांधलं नाही, डोंगर कोरून आतली जागा मोकळी केली. गाभाऱ्याचा जो अर्थ वर सांगितला तो तिथे जास्तच पटतो.

गाभाऱ्यात सगळ्यांना जाता येतं का?

प्रत्येक देवळाचा रिवाज वेगळा, सोवळं, वेळ, मानकरी, तिथे विचारून जा. पण एक काळ असा होता की कित्येकांना पायरीपर्यंतसुद्धा येऊ देत नव्हते, हे आपण विसरू नये. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर १९३१ साली उभं राहिलं ते याच्याविरुद्ध, सावरकरांच्या पुढाकारानं आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशानं, सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत जाता यावं म्हणून. देवळाच्या रचनेबद्दल बोलताना दार कोणासाठी उघडं हेही बोललंच पाहिजे.

आवारात कोरीव दगड पडलेत, काही तुटलेत. विसर्जन करावं का?

अजिबात नको. पुजेतली मूर्ती खंडित झाली तर तिचं काय करायचं ते गुरव-पुरोहित ठरवतात, पण आवारातले उभे दगड बहुतेक वेळा मूर्ती नसतातच. आडव्या पट्ट्यांत लढाई आणि वर शिवलिंग पूजणारा माणूस कोरला असेल तर तो वीरगळ. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर चक्क नौकांची लढाई कोरलीय. वर चंद्र-सूर्य, मधे लेख आणि खाली गाढवाचं शिल्प असेल तर गधेगाळ, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी दगडात. अलिबागजवळच्या आक्षीचा असाच दगड शके ९३४ म्हणजे १०१२ सालचा मानतात, सगळ्यात जुन्या मराठी लेखांत त्याचं नाव घेतात. असा दगड विहिरीत टाकणं म्हणजे गावाचा सातबाराच पाण्यात टाकणं. रंग लावू नका, शेंदूर फासू नका, फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

देऊळ गळतंय, समिती म्हणते पाडून स्लॅबचं बांधू. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर लिहिताना माझा हात जड होतो. आमच्याच गावात हे झालंय. मुंबईच्या मंडळींनी प्रेमानं पैसे जमवले, ठेकेदार आला, आजोबांच्या आधीच्या पिढीतले फणसाचे आणि सागाचे खांब उतरवले, लोखंडी सळ्यांचा स्लॅब, खाली चकचकीत टाइल्स, भिंतींना ऑइल पेंट. दुसऱ्याच पावसाळ्यात स्लॅबच्या कडेला ओल आली, चौथ्या वर्षी सळ्या गंजून फुगल्या आणि गिलाव्याचा पोपडा पालखीच्या जागेवर पडला. टाइल्सवर झडीचं पाणी साचून म्हातारी माणसं घसरतात. खांब कुठे गेले कुणाला माहीत नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

तेव्हा आधी गळतंय कुठून ते शोधा. दहातली नऊ देवळं गळतात ती सरकलेल्या कौलांमुळे, कुजलेल्या रिपांमुळे, म्हणजे कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्यांमुळे, नाहीतर छपरावर आलेल्या फांदीमुळे, आणि एवढं बदलता येतं. वासा कुजला तर तेवढा वासा बदला. जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट नको, जांभा पाणी शोषतो आणि सोडतो, वरून कोंडलात की ओल आतच राहते आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. चुन्याचा गिलावा करा, करणारे गवंडी अजून आहेत, शोधावे लागतात. जागा कमी पडत असेल तर जुन्याला हात न लावता बाजूला वेगळा मंडप घाला. आणि काहीही उतरवण्याआधी प्रत्येक खांबाला नंबर टाका, सगळ्या बाजूंनी फोटो काढा, मापं घ्या, म्हणजे निदान परत तसंच उभं करता येईल.

मग दरवर्षी काय करायचं?

शाकारणी. वैशाखात, पहिल्या वळवाच्या आधी. कौलं उतरवायची, झाडून घ्यायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा ठोकून बघायच्या, ठोकल्यावर भद्द आवाज आला तर ती कुजली, आणि मग खालून वर एकावर एक बसवत आढ्यापर्यंत जायचं. पन्हळीतला पाला काढायचा, भिंतीतून उगवलेलं पिंपळाचं रोप मुळासकट काढायचं, लहान असतानाच. दहा-बारा माणसं असली तर दोन दिवसांचं काम आहे. चाकरमान्यांनी मे महिन्यात आंबे खायला येताना हे दोन दिवस धरूनच रजा टाकावी.